सायबॉर्गच्या पाकिटातलं कॉमिक : एका संग्रहाच्या मूल्यांकनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

वडील गेल्यानंतर दोन वर्षांनी भाऊ-बहिणीने त्यांच्या खेळण्यांचा विषय काढला. वडील मालवाहू जहाजावर नोकरीला होते. फेरीहून परतले की बॅगेतून एखाद-दुसरा सुपरहिरो निघायचा. आधी मुलीसाठी, मग मुलासाठी आणि मुलं मोठी झाल्यावर उघडउघड स्वतःसाठी. एकूण ४१ नग होते. ओळख पटू नये म्हणून घरातले काही तपशील मी इथे बदलले आहेत, खेळण्यांचे नाही.

संग्रहाचे पाच गट सहज पडत होते. मेगो कंपनीच्या आठ इंची, कापडी पोशाखाच्या सहा फिगर. केनरच्या ‘सुपर पॉवर्स’ मालिकेतल्या १९ सुट्या फिगर आणि त्याच मालिकेतला, पुठ्ठ्याच्या कार्डावर प्लॅस्टिकच्या बबलखाली बंद असलेला एक सायबॉर्ग (अर्धा माणूस, अर्धा यंत्र असा सुपरहिरो). मॅटेलच्या ‘सीक्रेट वॉर्स’मधल्या सात. आणि टॉय बिझच्या ‘मार्व्हल लेजेंड्स’च्या न उघडलेल्या आठ. याशिवाय एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात बारीकसारीक प्लॅस्टिकचे तुकडे. भावाच्या यादीत या डब्यासमोर ‘किरकोळ’ असं लिहिलं होतं.

थोरली बहीण या सगळ्याला ‘बाबांच्या बाहुल्या’ म्हणायची आणि धाकटा भाऊ दरवेळी चिडायचा. हा वाद त्यांच्या घरापुरता नाही. १९६४ मध्ये हॅस्ब्रोने जी. आय. जो बाजारात आणला तेव्हा मुलगे बाहुली घेणार नाहीत या धास्तीने ‘ॲक्शन फिगर’ हा शब्दच नव्याने चालवला. पुढे २००३ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाला एक्स-मेन आणि मंडळी बाहुल्या की खेळणी, हे ठरवावं लागलं. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती आणि तिच्यावर आयातकर १२ टक्के, इतर खेळण्यांवर ६.८. न्यायालय म्हणालं, ही माणसं नव्हेत. टॉय बिझचा कर वाचला. बहिणीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग बाबांनीही बाहुल्या म्हणायला नको होतं. तेच म्हणायचे.”

अडचण

दोघांना समसमान वाटणी हवी होती. विकायची घाई नव्हती. भावाने वाटणी मनात करूनही ठेवली होती. बंद सायबॉर्ग एका ताटात, बाकीचे ४० नग दुसऱ्या ताटात, म्हणजे हिशेब चोख. सायबॉर्ग १९८६ च्या शेवटच्या तुकडीतला. तोवर मालिकेची मागणी ओसरली होती, त्यामुळे त्या तुकडीतल्या फिगर कमी सापडतात आणि त्यांत सायबॉर्ग अवघड समजला जातो. भावाचा अंदाज हवेतला नव्हता. पण त्याने पाहिलेल्या किमती विक्रेत्यांनी मागितलेल्या होत्या. मागितलेली किंमत ही आशा असते. मूल्यांकनाला झालेला सौदा लागतो.

बहिणीला ताटांशी देणंघेणं नव्हतं, पण ‘नंतर कुणी म्हणायला नको’ म्हणून तिने तिसरा माणूस बोलवायचा आग्रह धरला. तो तिसरा माणूस मी.

माझी पहिली चूक इथेच झाली. फोनवर मी भावाला म्हटलं, “सगळ्याचे फोटो काढून पाठव.” फोटो चांगले यावेत म्हणून बहिणीने दोन मेगोंचे पोशाख साबणाच्या पाण्यात धुतले. सुपरमॅनच्या छातीवरचं चिन्ह कापडावर छापलेलं नसतं, ते चिकटवलेलं स्टिकर असतं. ते सुटलं आणि कडेला चुरगळलं. पन्नासेक वर्षं टिकलेली गोष्ट माझ्या एका अर्धवट वाक्याने गेली. फोटोंच्या आधी ‘काहीही पुसू नका, धुऊ नका, उघडू नका’ हे सांगायला हवं होतं.

पहिली पाहणी

मी गटांच्या क्रमाने पाहत नाही. आधी सुटे तुकडे पाहतो, मग फिगर. कारण सुट्या फिगरची किंमत तिच्या हातात काय आहे यावर ठरते. ग्रीन लँटर्नचा कंदील, जोकरचा हातोडा, पेंग्विनची छत्री, ॲक्वामॅनचा त्रिशूळ, हॉकमॅनची गदा यांतलं काही हरवलं असेल तर फिगर ‘अपुरी’, आणि अपुऱ्या फिगरचा भाव निम्म्याच्याही खाली जाऊ शकतो. उलट फ्लॅश आणि ब्रेनिअ‍ॅक यांच्यासोबत मुळात काही आलंच नव्हतं, ते एकटेच पूर्ण. ‘किरकोळ’ डब्यातून कंदील निघाला, छत्री निघाली, त्रिशूळ निघाला. १९ सुट्या फिगरपैकी १५ पूर्ण झाल्या. सुपरमॅनचा लाल कापडी केप खालून उसवलेला होता, बाकी ठीक.

सुपर पॉवर्सच्या फिगरना एक खोड आहे. पाय दाबले की हात हलतात, काहींचे हात दाबले की पाय. फ्लॅशचे हात दाबले की तो पळतो. ही यंत्रणा चालते का हे पाहावंच लागतं, पण चाळीस वर्षांच्या प्लॅस्टिकवर जोर लावून नव्हे. दोन बोटांनी, हळू, एकदाच. घरातल्या उत्साही मंडळींनी पाच-पाच वेळा दाबून पाहण्याच्या आत हे मी हातावेगळं करतो.

त्याच डब्यात तळाशी काळ्या-निळ्या मऊ प्लॅस्टिकचं एक टोपरं होतं. ते पाहून मी मेगोंकडे वळलो. त्या सहांत भावाला खटकणारी एक फिगर होती, बॅटमॅनचे कपडे घातलेला, साध्या केसांचा कुणीतरी. “डोकं बदललंय कुणीतरी,” असं त्याचं मत. मेगोने १९७२ मध्ये सुपरहिरो काढायला सुरुवात केली, तेव्हाच्या बॅटमॅनचा मुखवटा काढता-घालता यायचा आणि खाली पूर्ण चेहरा असायचा. नंतर मुखवटा डोक्यावरच रंगवलेला आला. अर्थात मुलांनी काढता येणारे मुखवटे काढले आणि हरवले, म्हणून मुखवट्यासकट सापडणारा बॅटमॅन मोलाचा.

डब्यातलं टोपरं खरं की नंतर बनवलेली नक्कल? मेगोचे सुटे भाग नव्याने बनवून विकणारे बरेच आहेत आणि त्यांतल्या काहींचं काम उत्तम असतं. मी तीन गोष्टी पाहिल्या. शरीर सुरुवातीच्या घडणीचं होतं, म्हणजे गुडघ्या-कोपरांत प्लॅस्टिकच्या खुंट्या नव्हत्या, धातूचे रिव्हेट होते. टोपऱ्याची साच्याची रेघ झिजलेली होती. आणि डोक्यावर कानांच्या बाजूने एक पुसट रेघ उमटली होती, ती टोपऱ्याच्या कडेशी तंतोतंत जुळली. मऊ व्हिनाइलमधलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं शेजारच्या प्लॅस्टिकमध्ये झिरपतं आणि असे डाग पाडतं. एरवी मी या डागांना शिव्या घालतो. या वेळी तो डागच पुरावा ठरला. ही मेगोच्या पहिल्या तीन-चार वर्षांतली फिगर आणि मुखवटा तिचाच.

सीक्रेट वॉर्सच्या सात फिगर दोघांनीही हिशेबात धरल्या नव्हत्या. ही १९८४ ची मालिका, प्रत्येकाच्या हातात चित्र बदलणारी ढाल, सांधे मोजके, आणि बहुतेकांचा भाव साधाच. पण त्यांत आइसमॅन होता. इलेक्ट्रो, कन्स्ट्रिक्टर आणि आइसमॅन हे तिघे अमेरिकेतल्या दुकानांत आलेच नाहीत, ते परदेशांतच विकले गेले. जहाजावरच्या माणसाला तो कुठल्या तरी बंदरात मिळाला असणार. बाकीच्या सहांची मिळून जी किंमत, त्याहून या एकाची जास्त.

मार्व्हल लेजेंड्सबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. २००२ नंतरचा माल, संग्राहकांनी तेव्हाच जपून ठेवलेला, त्यामुळे बंद पाकिटंही भरपूर. त्यातही तीच पात्रं पुढे हॅस्ब्रोने अधिक चांगल्या घडणीची काढली. भावाने विचारलं, उघडून सांधे तपासायचे का? मी नको म्हटलं. बंद पाकिटाचं मूल्य ‘आत काय आहे ते ठाऊक नाही’ यातच असतं, ते माहीत करून घेण्याची किंमत फार.

सायबॉर्गचं कार्ड

लांबून पाहिलं तर कार्ड देखणं. टांगायचं भोक न फाटलेलं, कोपरे टोकदार, प्लॅस्टिकचा बबल किंचित पिवळा. पिवळेपणा मला आवडतो, तो वयाला शोभतो.

भिंगातून खालची कडा पाहिली आणि थांबलो. कारखान्यात बबलची कड उष्णतेने कार्डाला चिकटवलेली असते. तो उचकटला की वरचा छापील पापुद्रा त्याच्याबरोबर निघतो आणि पांढरे तंतू दिसतात. खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेखाली तसे तंतू दाबले गेले होते. अतिनील दिव्याखाली त्या तीन बाजूंना गोंदाची फिकट निळी रेघ चमकली, वरच्या बाजूला काहीच नाही. म्हणजे पाकीट खालून उघडून पुन्हा चिकटवलेलं.

इथे एक सावधगिरी. ‘कागद अतिनील दिव्याखाली चमकला म्हणजे नवा, नाही चमकला म्हणजे जुना’ हा संग्राहकांचा आवडता नियम १९८६ च्या कार्डाला लावता येत नाही. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती द्रव्यं त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहेत. या कार्डाबद्दल दिव्याने काहीच सांगितलं नाही. सांगितलं ते गोंदाबद्दल.

आणि मग फिगरच्या मागे खोचलेलं छोटं कॉमिक दिसलं. सुपर पॉवर्सच्या १९८४ आणि १९८५ च्या फिगरसोबत असं कॉमिक यायचं. १९८६ च्या तुकडीत कंपनीने ते बंद केलं. सायबॉर्गच्या पाकिटात कॉमिक असायलाच नको होतं.

कार्ड खरं, बबल खरा, सायबॉर्ग खरा, त्याच्या हाताला बदलून लावायचे सुटे भागही जागेवर. फक्त जोड नंतरचा. पैशासाठी फसवणारा माणूस कॉमिकची चूक करत नाही, कारण त्याला मालिका पाठ असते. हे फसवणाऱ्याचं काम वाटत नव्हतं.

निर्णयाची जागा : कुणाला आधी सांगायचं

भाऊ त्या दिवशी बाहेरगावी होता. बहीण समोर होती. मी तिला विचारलं, “हे पाकीट घरात कधी उघडलं होतं का?” ती सहज नाही म्हणाली. मग मी कॉमिक दाखवलं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “ते मी घातलंय.” नऊ वर्षांची होती. बाबांनी आणलेला सायबॉर्ग वाढदिवसापर्यंत उघडायचा नाही असं ठरलं होतं, हिने खालून उघडला. बाकी सगळ्यांबरोबर कॉमिक होतं, याच्याबरोबरच नव्हतं, म्हणून तिने त्याच मालिकेतल्या रेड टोर्नेडोचं कॉमिक त्याला दिलं. बाबांनी पाहिलं, रागावले नाहीत, गोंद काढला आणि पाकीट चिकटवून टाकलं. वाढदिवसाला ते जहाजावर होते. नंतर ते उघडायचं राहूनच गेलं.

गोष्ट खरी असणार याबद्दल मला शंका नव्हती. पण ती मी एकट्या बहिणीकडून ऐकली, ही माझी दुसरी आणि मोठी चूक. भावाला कळलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न गोंदाबद्दल नव्हता. “ताई, हे तू इतके दिवस का नाही सांगितलंस?” त्याच्या बाजूने पाहा. ज्या ताटावर त्याने मनातल्या मनात हात ठेवला होता तेच रिकामं झालं, आणि रिकामं करणारी साक्ष समोरच्या ताटाच्या मालकिणीची. तिला आठवलंच नव्हतं हे पटवून द्यायला तिच्याकडे काही नव्हतं.

म्हणून लेखी अहवालात मी तिची आठवण घेतलीच नाही. तंतू, गोंदाची रेघ आणि कॉमिक एवढंच लिहिलं. भाऊ आला तेव्हा त्याच्या हातात भिंग आणि दिवा दिला आणि काही न बोलता बसलो. त्याने स्वतः तिन्ही कडा तपासल्या. मग मोबाइलवर १९८६ च्या बंद पाकिटांचे फोटो शोधत बसला, कॉमिक असलेलं एकही मिळालं नाही. त्यानंतर त्याचा बहिणीशी सूर बदलला.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय, सगळं अधिकृत श्रेणीसाठी पाठवायचं. ॲक्शन फिगर ऑथॉरिटी, म्हणजे संग्राहकांच्या बोलीत एएफए, १० ते १०० च्या पट्टीवर अंक देते आणि नग ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करून परत करते. भावाला हे आवडलं होतं, कारण अंक म्हणजे वाद नाही. पण अंक अवस्था सांगतो, किंमत नाही. शुल्क आणि प्रवासखर्च बहुतेक नगांच्या किमतीला भारी पडला असता, आणि पुन्हा चिकटवलेल्या सायबॉर्गला बंद पाकीट म्हणून श्रेणी मिळालीच नसती. एखादा महागडा नग विकायचा असेल तर हा मार्ग योग्य. घरातल्या वाटणीला उपयोगाचा नाही.

दुसरा, सगळा संग्रह एकदम विकून पैसे वाटायचे. सोपं, पण गठ्ठा घेणारा व्यापारी स्वतःचा नफा आधी काढतो. शिवाय बहिणीला काही नग ठेवायचे होते.

तिसरा, एकाने दोन ताटं लावायची, दुसऱ्याने निवडायचं. मला ही जुनी रीत फार आवडते, पण ती दोघांची जाण सारखी असेल तरच न्याय देते. इथे भावाला खेळणी कळत होती, बहिणीला नाही.

चौथा, प्रत्येक नगाला गुण द्यायचे आणि दोघांनी आळीपाळीने उचलायचं.

काय केलं

चौथा पर्याय घेतला. पैशांत किंमत लिहिली की माणसं आकड्याला चिकटतात आणि सहा महिन्यांनी तो आकडा खोटा ठरतो. म्हणून सुपर पॉवर्सचा सुटा, पूर्ण, घट्ट सांध्यांचा सुपरमॅन म्हणजे १० गुण, असं माप धरलं. तो सहज मिळतो, त्याचे सौदे सतत होत असतात. बाकी प्रत्येक नगाचे, त्याच अवस्थेतले शेवटचे दहा झालेले सौदे शोधले, वरचे दोन आणि खालचे दोन सोडले, मधल्या सहांची सरासरी सुपरमॅनशी ताडली. आइसमॅनला दहा सौदे मिळाले नाहीत, तिथे मी अंदाजच केला आणि यादीत ‘अंदाज’ असं स्पष्ट लिहिलं.

मेगो सहा मिळून १५५, त्यात मुखवट्याचा बॅटमॅन एकटा ६०. चिन्ह सुटलेल्या सुपरमॅनला १५ दिले, न धुता ३० दिले असते. सुपर पॉवर्सच्या १९ सुट्यांना २३०. सीक्रेट वॉर्स ७५, त्यात आइसमॅन ४५. मार्व्हल लेजेंड्स ६०. सायबॉर्ग पूर्ण सुटी फिगर म्हणून, सोबत तिचं मूळ कार्ड, असे ८०. एकूण ६००.

पाकीट अस्सल बंद असतं तर सायबॉर्गला मी २६० दिले असते. तरीही समोरच्या ताटात ५२० उरत होते. म्हणजे भावाची मूळ वाटणी गोंदाशिवायही एकास दोन अशीच पडली असती, आणि तोटा त्याचाच होता. हे त्याला दाखवल्यावर तो प्रथमच हसला.

कॉमिक बाहेर काढून रेड टोर्नेडोला परत द्यायचं का, हा एक छोटा प्रश्न होता. रेड टोर्नेडोचे दोन-तीन गुण वाढले असते. दोघेही एकदम “नको” म्हणाले.

शेवटी काय झालं

उचलण्याचा क्रम नागमोडी ठेवला. एकाने एक, दुसऱ्याने दोन, मग पहिल्याने दोन, असा. चिठ्ठी टाकून पहिली पाळी भावाला आली. त्याने बॅटमॅन उचलला. बहिणीने सायबॉर्ग आणि चिन्ह सुटलेला सुपरमॅन उचलला. शेवटी तिच्याकडे ३०६ गुण आणि त्याच्याकडे २९४ झाले. सहा गुणांच्या किमतीचे पैसे तिने त्याला दिले. त्याने घेतलेही. संकोचाने सोडले असते तर ते पुढे कधीतरी निघाले असते.

सायबॉर्गचा प्रश्न मात्र मला पूर्ण सुटलेला वाटत नाही. उद्या हे पाकीट तिसऱ्याच्या हाती गेलं तर ते ‘बंद’ म्हणून विकलं जाईल, आणि त्या वेळी ते फसवणूकच असेल. मी कार्डाच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने ‘पुन्हा चिकटवलेलं’ असं लिहायचं सुचवलं. भाऊ तयार होता. बहीण म्हणाली, बाबांनी चिकटवलेल्या कार्डावर मी लिहिणार नाही. शेवटी अहवालाची प्रत आणि तीन कडांचे फोटो पाकिटासोबत एका ॲक्रिलिक पेटीत ठेवले.

पेटीचं झाकण सरकवलं की कागद बाहेर येतो आणि पाकीट पुन्हा बंदच दिसतं. आज असं प्रकरण आलं तर मी दोघांना समोरासमोर बसवून दिवा लावीन, आणि कार्डावरच्या त्या दोन शब्दांसाठी वाटणी व्हायच्या आधी आग्रह धरीन. नंतर कार्ड तिचं झालं होतं, मला काही म्हणता येत नव्हतं.